गाडी चोरीला गेली, विमा कंपनीने क्लेम नाकारला (इंदूर): आता काय करू?

लोकमान्यनगर
१६ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. मी एरवी इथे फक्त वाचायला येतो, आज मदत हवी म्हणून लिहितोय.

१४ डिसेंबरला शनिवारी रात्री घरासमोर लावलेली बाबांची गाडी रविवारी सकाळी जागेवर नव्हती. इंदूरचं लोकमान्य नगर, पंचवीस वर्षं त्याच जागी गाडी लावतो. सकाळी सहाला बाबा दूध घ्यायला निघाले आणि दारातूनच मला हाक मारली. जिथे गाडी असते तिथे तेवढाच चौकोन कोरडा होता, बाकी रस्ता दवाने ओला. म्हणजे गाडी हलून फार वेळ झाला नव्हता. तो चौकोन अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

लगेच डायल १०० केलं. पोलिसांची गाडी आली, दोघे शिपाई बघून गेले. नऊ वाजता आम्ही ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि प्रतीवर शिक्का-सही घेतली. "दोन-तीन दिवस बघू, मुलंबिलं घेऊन जातात आणि सोडून देतात," असं तिथे सांगितलं. एफआयआर झाला १८ तारखेला.

विमा कंपनीला कळवलं २४ डिसेंबरला, म्हणजे दहाव्या दिवशी. बाबांचं वय ७१. पोलिसांत दिलं की तेच पुढे कळवतात अशी त्यांची समजूत होती, आणि मी त्या आठवड्यात पुण्याला होतो. मग कंपनीचा तपासनीस आला, दोन्ही किल्ल्या घेऊन गेला, बाबांचा जबाब घेतला. १० मार्चला पत्र आलं की क्लेम नामंजूर. कारणं दोन: (१) सूचना 'तात्काळ' दिली नाही. (२) दोनपैकी एक किल्ली मूळ नाही, म्हणजे गाडीची वाजवी काळजी घेतली नाही.

पॉलिसी चालू होती, हप्ता भरलेला, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ४,१८,०००. गाडी बाबांच्याच नावावर. बाबा म्हणतात जाऊ दे. पण पत्र आल्यापासून ते जेवताना एक शब्द बोलत नाहीत, आणि ते मला बघवत नाही. खरंच काही करता येतं का?

---

पलासियाची_सुनंदा
१६ मार्च

दादा, जाऊ देऊ नका. माझ्या दिरांनी असंच पत्र आल्यावर फाईल कपाटात ठेवली. दोन वर्षांनी कोणीतरी सांगितलं की ग्राहक आयोगात जाता आलं असतं, पण तोवर मुदत गेली होती. नाकारल्याच्या तारखेपासून ग्राहक आयोगाला दोन वर्षं, विमा लोकपालाला (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) एक वर्ष. या दोन तारखा आजच कॅलेंडरवर लिहून टाका.

---

जुना_सर्व्हेअर
१७ मार्च

तीस वर्षं मोटर क्लेमचं काम केलं, आता निवृत्त आहे. दोन्ही कारणांवर वेगवेगळं लिहितो, कारण दोन्हींना वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं. लोक सरसकट "अन्याय झाला" असं लिहितात आणि कंपनी तेच पत्र पुन्हा पाठवते.

उशीर: पॉलिसीची अट सांगते की घटनेनंतर लगेच लेखी कळवा आणि चोरी असेल तर पोलिसांना लगेच सांगा. यावर सर्वोच्च न्यायालयात बरीच वर्षं दोन मतं होती. परवेश चंदर चढ्ढा प्रकरणात कंपनीच्या बाजूने निकाल गेला होता. ओम प्रकाश प्रकरणात २०१७ साली न्यायालय म्हणालं की खऱ्या क्लेमला केवळ उशिरावर यांत्रिकपणे नाही म्हणू नका. मग २४ जानेवारी २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गुरशिंदर सिंग प्रकरणात हा वाद मिटवला. ट्रॅक्टर चोरीला गेला होता, एफआयआर त्याच दिवशी, कंपनीला कळवलं ५२ दिवसांनी. पोलिसांत तातडीने नोंद झाली असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावर क्लेम नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. २०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. त्याआधी सप्टेंबर २०११ मध्ये विमा नियामकानेच परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलं होतं की उशिराच्या अटीचा आधार घेऊन खरे क्लेम फेटाळू नका.

तेव्हा तुमचे दहा दिवस ही मोठी अडचण नाही. अडचण आहे ती १५ ते १८ डिसेंबर या तीन दिवसांची. न्यायालयाचा सगळा भर पोलिसांत लगेच गेलात की नाही यावर आहे, आणि तुमच्या एफआयआरवर १८ तारीख आहे.

एक सांगा, एफआयआरच्या प्रतीत तिसऱ्या रकान्यात घटनेची तारीख, ठाण्यात खबर मिळाल्याची तारीख आणि रोजनामच्याचा (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीचा) क्रमांक असतो. आठव्या रकान्यात उशिराचं कारण लिहितात. तुमच्यात काय लिहिलंय?

---

लोकमान्यनगर
१७ मार्च

आत्ता काढून बघितली. खबर मिळाल्याची तारीख १८ डिसेंबर. आठवा रकाना रिकामा. पण १५ तारखेच्या अर्जावर ठाण्याचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख स्वच्छ वाचता येते.

---

जुना_सर्व्हेअर
१७ मार्च

तो शिक्का जपा. त्याची रंगीत स्कॅन आजच करून ठेवा, मूळ कागद कोणालाही देऊ नका. कंपनीने बहुधा फक्त एफआयआर पाहिला असणार.

सोबत डायल १००च्या फोनची नोंद मागा, तिथे घटना क्रमांक पडतो. ठाण्यातल्या रोजनामच्याची १५ तारखेची नोंद माहितीच्या अधिकारात मागता येते, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

---

लष्करचा_विनायक
१८ मार्च

ग्वाल्हेरहून. मला वाटतं इथे सगळे जरा जास्तच भरवसा देताहेत. कंपनीची बाजूही बघा. दर महिन्याला बनावट चोरीचे क्लेम येतात, कर्ज थकलं की गाडी भंगारात जाते आणि एफआयआर होतो. दुसरी किल्ली मागतात ती त्यासाठीच. किल्लीचा मुद्दा सोडवला नाही तर उशिराचे निकाल हातात धरून काही होणार नाही.

---

जुना_सर्व्हेअर
१८ मार्च

विनायकराव बरोबर बोलताहेत. किल्लीबद्दल सविस्तर लिहा. कधी बदलली, कुठे, का? जसं घडलं तसं.

---

लोकमान्यनगर
१८ मार्च

२०२२ मध्ये आईच्या हातून किल्ली ओट्यावरून पडली, रिमोटचं प्लास्टिक तुटलं. राजवाड्याजवळच्या किल्लीवाल्याकडे दिली, त्याने वरचं खोकं बदलून दिलं. पातं तेच, आतली चिपही तीच. तपासनीसाने वरचा बाजारी भाग पाहिला आणि मूळ नाही असं लिहून टाकलं. बाबांनी जबाबात "हो, ती बाहेरून करून आणली" असं म्हटलंय. त्यांच्या मनात खोकं होतं, कागदावर मात्र ती अख्खी किल्ली झाली.

---

अन्नपूर्णा_रोड
१८ मार्च

जबाबावर सही करायच्या आधी तो मोठ्याने वाचून घ्यावा हे किती जणांना माहीत असतं! आमच्या काकांचा जबाब हिंदीत लिहिला होता, "गाडी रोड पे थी" एवढंच. घराच्या भिंतीला लागून उभी होती हे त्यात नव्हतंच. मग निष्काळजीपणाचा ठपका.

तुमच्याकडे जुनं तुटलेलं खोकं आहे का? आणि किल्लीवाल्याला पैसे कसे दिले होते?

---

लोकमान्यनगर
२० मार्च

ताई, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस घर पालथं घातलं. आज संध्याकाळी आईच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिन आणि हुकांच्या डब्याखाली ते तुटकं खोकं सापडलं. कंपनीच्या चिन्हाचा अर्धा भाग शाबूत आहे, आणि त्याला आईने ओळखीसाठी बांधलेली लाल सुतळी अजून तशीच आहे. आई म्हणाली, "मला वाटलं उद्या उपयोगी पडेल." किल्लीवाल्याला यूपीआयने ६५० रुपये दिले होते, बँकेच्या उताऱ्यात २०२२ ची नोंद मिळाली. तो माणूस अजून तिथेच बसतो. उद्या त्याच्याकडून लिहून घेतो की त्याने फक्त खोकं बदललं.

आणि दुसरी एक गोष्ट. बाबांच्या फोनमधले जुने एसएमएस चाळत होतो. १५ डिसेंबरला पहाटे ३:५२ ला देवासच्या बाजूच्या टोलवर फास्टॅगमधून पैसे कापल्याचा संदेश आहे. न वाचलेला. बाबा बँकेचे संदेश उघडतच नाहीत.

---

जुना_सर्व्हेअर
२० मार्च

हा संदेश सोन्यासारखा आहे. चोरीची वेळ कागदावर आली, आणि गाडी तुमच्या गैरहजेरीत शहराबाहेर गेली हेही. बँकेकडून फास्टॅगचा अधिकृत उतारा घ्या, नुसता फोनचा फोटो नको. त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. पुढे खात्मा रिपोर्टमध्ये (तपास थांबवल्याच्या पोलिसांच्या अहवालात) तो आला तर फार बरं.

ज्यांची गाडी आत्ता चोरीला गेलीय आणि जे हा धागा वाचताहेत त्यांच्यासाठी: पहिल्या तासात फास्टॅग बंद करायची घाई करू नका. आधी बँकेत शेवटचा टोल विचारा आणि पोलिसांना सांगा.

---

तिलकनगरचा_माधव
२१ मार्च

क्लेमला खात्मा लागतोच का? माझ्या बाईकच्या वेळी सहा महिने त्यासाठी चपला झिजवल्या.

---

वकिली_इंदूर
२१ मार्च

बहुतेक कंपन्या मागतात. आपल्याकडे ज्याला खात्मा म्हणतात तो म्हणजे आरोपी आणि माल न सापडल्याने पोलिसांनी तपास थांबवल्याचा अंतिम अहवाल, आणि तो न्यायालयाने स्वीकारल्याचा आदेश. खारजी वेगळी, ती गुन्हा खोटा निघाला तर. कारकुनी चुकीने फाईलवर खारजी लिहिलं गेलं तर क्लेम संपला, म्हणून प्रत नीट वाचा.

दुसरं, जून २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कागद अपुरे आहेत म्हणून क्लेम फेटाळता येत नाही. लागणारे कागद मागायचे, तेही क्लेमशी थेट संबंध असलेलेच.

लोकमान्यनगर, तुमचा क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी निवेदन, दोन्ही कारणांना कागदासहित उत्तर. तिथून नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा तिथे होतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. तुमच्यावर नाही, पटला नाही तर ग्राहक आयोग तुम्हाला मोकळा राहतो. उलटं मात्र होत नाही, आयोगात प्रकरण घातलं की लोकपाल ऐकत नाहीत.

मी स्वतः वकील असून सांगते, तुमच्या प्रकरणात आधी लोकपाल. ज्येष्ठ माणसाला आयोगातल्या तारखांवर तारखा झेपत नाहीत.

---

वडोदऱ्याची_मेधा
२२ मार्च

आम्हा गुजरातवाल्यांचं लोकपाल कार्यालय अहमदाबादला. ऑनलाइन तक्रार केली होती, सुनावणीही व्हिडिओवर झाली, सासऱ्यांना घराबाहेर पडावं लागलं नाही.

सगळेच क्लेम जिंकतात असं नाही, म्हणून आमचं दुसरं प्रकरणही सांगते. मिस्टरांनी जुनी गाडी घेतली, आरसी नावावर केली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली. चौदा दिवसांत कंपनीला कळवून ती नावावर करायला हवी होती. गाडी चोरीला गेली तेव्हा आमचं त्या पॉलिसीत नावच नव्हतं. काही मिळालं नाही, आणि कायद्याने ते चूक होतं असंही म्हणता येत नाही. जुनी गाडी घेतलेल्यांनी आज रात्री पॉलिसी उघडून नाव बघा.

---

वकिली_इंदूर
२२ मार्च

मेधाताईंनी लिहिलं ते फार बरं झालं. असंच दुसरं म्हणजे नोंदणी. गोदारा प्रकरणात तात्पुरती नोंदणी संपल्यावर नवी गाडी जोधपूरहून चोरीला गेली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला.

किल्ली गाडीतच राहिली असेल तरी मात्र आशा सोडू नका. २०२३ च्या अशोक कुमार प्रकरणात चालक ट्रकला किल्ली तशीच लावून खाली उतरला होता, तरी न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. याला 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर क्लेम देणं म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तुम्हाला पुढे ऐकायला मिळेल.

---

लोकमान्यनगर
२२ एप्रिल २०२५

थोडक्यात. निवारण अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत उत्तर दिलं, तेच जुनं पत्र, फक्त तारीख नवी. किल्ली, शिक्का, फास्टॅग यांचा उल्लेखही नाही. काल लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. माहितीच्या अधिकारात रोजनामच्याची प्रत आली: १५ डिसेंबर, ९:४० वाजता अर्ज मिळाल्याची नोंद आहे. बाबांनी ती ओळ चष्मा पुसून दोनदा वाचली.

---

लोकमान्यनगर
१९ जून २०२५

२६ तारखेला व्हिडिओ सुनावणी आहे. आणि आज कंपनीचा फोन आला. नॉन-स्टँडर्डवर ७५ टक्के देतो म्हणतात, म्हणजे ३,१३,५००. उद्यापर्यंत संमती लिहून द्या. काय करू?

---

पलासियाची_सुनंदा
१९ जून

हातात येणारे पैसे सोडू नयेत असं मला वाटतं. सहा महिने होऊन गेले. बाबांना दगदग नको.

---

जुना_सर्व्हेअर
१९ जून

सुनंदाताई, तुमची काळजी समजते. पण ७५ टक्के कधी देतात? विमाधारकाकडून अटीचा भंग झाला, पण क्लेम खरा आहे, तेव्हा. इथे भंग कुठला? पोलिसांत त्याच सकाळी गेले, किल्ली मूळच आहे. जी चूक केली नाही तिच्यापोटी १,०४,५०० का सोडायचे? शिवाय कंपनी सुनावणीच्या आठवडाभर आधी फोन करते, म्हणजे फाईल आता नीट वाचली गेलीय.

तरी निर्णय बाबांचा. गाडी त्यांची आहे.

---

लष्करचा_विनायक
१९ जून

मी आधी शंका घेतली होती. आता रोजनामचा आणि किल्लीचे पुरावे पाहून माझं मत बदललंय. पूर्ण मागा. फोनवर काही कबूल करू नका, ईमेलवर मागवा.

---

लोकमान्यनगर
२० जून

बाबांना विचारलं. म्हणाले, "मी सकाळी नऊला ठाण्यात उभा होतो. त्यांना हे लिहून दे." तेवढंच लिहून पाठवलं आणि ७५ टक्के नाकारले.

---

लोकमान्यनगर
३१ जुलै २०२५

निवाडा हातात आला. पूर्ण आयडीव्ही, त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये जाऊन ४,१७,०००. कंपनीला ३० दिवसांत द्यायचेत.

सुनावणी पंधरा-वीस मिनिटांचीच होती. कंपनीच्या प्रतिनिधीने उशिराचा मुद्दा मांडला, मी रोजनामच्याची प्रत आणि गुरशिंदर सिंग निकाल दाखवला. मग किल्ली. मी तुटकं खोकं कॅमेऱ्यापुढे धरलं, लाल सुतळीसकट. आई बाजूच्या खोलीत दाराआड उभी होती. लोकपालांनी विचारलं, हे इतके दिवस कुठे होतं? मी सांगितलं, आईच्या मशीनच्या खणात. पुढे किल्लीवर प्रश्न आला नाही.

आता नवी अडचण. कर्ज २०२३ मध्येच फिटलं, पण आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतो. बँकेचं ना-हरकत पत्र बाबांनी लॅमिनेट करून ठेवलंय, आणि त्याची मुदत केव्हाच संपली.

---

वकिली_इंदूर
३१ जुलै

अभिनंदन, मनापासून. बँकेच्या शाखेत जाऊन नवं ना-हरकत पत्र घ्या, सोबत फॉर्म ३५ वर बँकेची सही-शिक्का. नायता मुंडल्याच्या आरटीओत बोजा उतरवा, अर्जात गाडी चोरीला गेल्याचं आणि एफआयआर क्रमांक लिहा. कंपनी गाडीच्या हस्तांतरासाठी फॉर्म २८, २९, ३० वर सह्या घेईल. कोऱ्या फॉर्मवर सही देताना वर "फक्त चोरीच्या क्लेमसाठी" आणि क्लेम क्रमांक लिहा.

नो क्लेम बोनसचा (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा) आग्रह धरू नका, ज्या वर्षात क्लेम घेतला त्यानंतर तो शून्यावर येतो.

---

लोकमान्यनगर
२१ ऑगस्ट २०२५

आज बाबांच्या खात्यात ४,१७,००० जमा झाले. त्यांनी आधी मला नाही, आईला दाखवलं.

जुना_सर्व्हेअर काका, वकिली_इंदूर ताई, अन्नपूर्णा_रोड ताई, विनायकराव, मेधाताई, सुनंदाताई: तुमच्यापैकी कोणालाही मी भेटलेलो नाही, पण हे पैसे तुमच्यामुळे आले. इंदूरला आलात तर घरी जेवायला या, आई पुरणपोळी करेल असं तिने सांगायला लावलंय.

एक शेवटची शंका: उद्या गाडी सापडली तर?

---

जुना_सर्व्हेअर
२१ ऑगस्ट

तर ती कंपनीची. तुम्ही हक्क हस्तांतराच्या पत्रावर सही केलीय. ठाण्यातून फोन आला तर स्वतः ताबा घेऊ नका, क्लेम क्रमांक देऊन कंपनीला ईमेल करा आणि तपास अधिकाऱ्यालाही तसंच लेखी कळवा. गाडीत बाबांचं काही सामान असेल तर ते मात्र त्यांचं.

---

लोकमान्यनगर
२२ ऑगस्ट

डॅशबोर्डवर त्यांचा जुना चष्मा होता. एवढंच. समजलं काका, तसंच करेन.